फाउंड्रीत वायरलेस मेश: काय त्यावर टाकावं, काय तारेवरच ठेवावं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेड साधारण १२० मीटर लांब, ४० मीटर रुंद. दोन इंडक्शन फर्नेस, एक सँड प्लांट, कॉम्प्रेसर रूम, मागे कूलिंग टॉवर. तापमान, प्रेशर, पाण्याचा फ्लो, मोटारींचं व्हायब्रेशन आणि विजेचे मीटर धरून चाळीसेक पॉइंट ऑफिसात बसून दिसायला हवेत. केबल टाकली की कुठे सांडलेल्या धातूनं जळते, कुठे उंदीर कुरतडतात. एका विक्रेत्यानं सांगितलंय की वायरलेस मेश, म्हणजे एकमेकांमार्फत निरोप पुढे देणाऱ्या रेडिओ डब्यांचं जाळं बसवा, एकही तार लागणार नाही, फर्नेसची ट्रिपसुद्धा, म्हणजे धोका दिसताच भट्टीची पॉवर तोडणंही, त्यावरूनच देऊ. हे कितपत खरं? आणि गोकुळ शिरगावचं दुसरं युनिट याच नेटवर्कला जोडता येईल का?

चाळीसपैकी बहुतेक पॉइंट मेशवर बिनधास्त टाका. फर्नेसची ट्रिप मात्र टाकू नका, विक्रेता कितीही खात्री देवो. बाकी सगळं उत्तर या दोन वाक्यांच्या मधलं आहे.

आधी एक काम करा. पॉइंटची यादी घ्या आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: हे रीडिंग किती जुनं झालं तरी चालेल? रेंज, कंपनी, किंमत हे सगळं नंतर. महापुराच्या दिवसांत आपल्याकडे राजाराम बंधाऱ्याची पातळी फोनवर फिरत असते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण ‘पातळी ४१ फूट’ असा निरोप आला की जाणता माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘किती वाजताची?’ कारखान्यातल्या प्रत्येक रीडिंगला हाच प्रश्न लागू आहे, आणि वायरलेसवर तर दुप्पट लागू आहे.

वीज गेल्यावर कॉइलला (भट्टीभोवतीच्या, आतून पाणी खेळणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्याला) पाणी देणाऱ्या उंचावरच्या आणीबाणीच्या टाकीची पातळी पाच मिनिटं जुनी असली तरी काही बिघडत नाही. कूलिंग टॉवरकडून परत येणाऱ्या पाण्याचं तापमान अर्ध्या मिनिटाचं चालेल. मलरच्या (वाळू मळणाऱ्या यंत्राच्या) गिअरबॉक्सचं व्हायब्रेशन तासाला एकदा मिळालं तरी बेअरिंग कुठल्या दिशेनं चाललंय ते कळतं. कॉइलमधल्या पाण्याचा फ्लो मात्र अगदी निराळा. तो थांबला आणि पॉवर चालू राहिली तर कॉइल जळते. कॉइलला भोक पडून पाणी वितळलेल्या लोखंडाशी गेलं तर वाफेचा स्फोट होतो आणि माणसं जातात. तिथं ‘पुढचं रीडिंग आठ सेकंदांनी येईल’ हे ऐकूनच घ्यायचं नाही. फ्लो स्विचची तार थेट फर्नेस पॅनेलच्या ट्रिप सर्किटला, मध्ये ना रेडिओ, ना गेटवे (सगळ्या डब्यांचे निरोप गोळा करणारा मुख्य डबा), ना कॉम्प्युटर. वीज जमिनीकडे गळतेय का ते पकडणाऱ्या ग्राउंड लीकेज डिटेक्टरचंही तेच. तोच फ्लो ऑफिसात बघण्यासाठी दुसऱ्या ट्रान्समीटरनं (सेन्सरचं रीडिंग पाठवणाऱ्या डब्यानं) मेशवर पाठवायला माझी काहीच हरकत नाही.

हे माझं एकट्याचं सावधपण नाही. आयएसए या ऑटोमेशन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं वायरलेसच्या वापराचे ० ते ५ असे सहा वर्ग केले आहेत. ० म्हणजे जीव आणि यंत्र वाचवणारी तातडीची कृती, १ म्हणजे सतत चालणारं महत्त्वाचं क्लोज्ड लूप कंट्रोल (रीडिंग बघून यंत्रणेनं स्वतःच दुरुस्ती करत राहणं), आणि तिथून उतरत ४ म्हणजे सूचना देणं, ५ म्हणजे नुसती नोंद. तुमचे बहुतेक पॉइंट ४ आणि ५ मध्ये बसतात. विक्रेता तुम्हाला ० विकतोय.

आता मेश चालतं कसं ते जरा खोलात बघू, कारण बाजारात ‘मेश’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. साधी समजूत अशी असते की एक डबा दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे निरोप देतो, म्हणून डबे जितके जास्त तितकं नेटवर्क पक्कं. हिशेब उलटा येतो. समजा एका टप्प्यावर निरोप पोचण्याची शक्यता ९० टक्के आहे. तीन टप्पे असतील तर ती ७३ टक्क्यांवर येते, म्हणजे टप्पे वाढवून नुकसानच. पण प्रत्येक टप्प्यावर तीनदा प्रयत्न करायची मुभा दिली, तर एका टप्प्याची शक्यता ९९.९ टक्के होते आणि तिन्ही टप्पे मिळून ९९.७. मेशचा जीव या पुन्हा केलेल्या प्रयत्नांत आहे.

मात्र या हिशेबात एक अट दडलेली आहे: पहिला प्रयत्न ज्या कारणानं फसला, तेच कारण दुसऱ्याच्या वेळी आडवं येता कामा नये. फाउंड्रीत नेमकं तेच येतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. पत्रे, खांब, क्रेनचा गर्डर, मोल्डिंग बॉक्सच्या थप्प्या यांवर आपटून ती दहा वाटांनी पोचते आणि काही जागी स्वतःलाच पुसून टाकते. अँटेना चार बोटं सरकवली की सिग्नल परत येतो, पण अँटेना तर खांबाला बोल्टनं पक्की. त्याच चॅनेलवर तीनदा काय, तीसदा हाका मारल्या तरी उपयोग शून्य. चॅनेल बदललं की लहरीची लांबी किंचित बदलते आणि ती मेलेली जागा दुसरीकडे जाते. म्हणून वायरलेसहार्ट या कारखान्यांसाठीच्या मेश-मानकात १५ चॅनेलवर आळीपाळीनं उड्या मारल्या जातात. वेळेचे १० मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. कुठल्या तुकड्यात, कुठल्या चॅनेलवर, कोण बोलणार आणि कोण ऐकणार हे आधी ठरलेलं असतं. पहिला प्रयत्न फसला तर पुढचा वेगळ्या चॅनेलवर होतो, आणि जमल्यास वेगळ्या शेजाऱ्यामार्फत. ऑफिसातल्या एका वायफायनं चारेक चॅनेल व्यापली तरी उरलेल्यांवर काम निघतं.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: नेटवर्क एकाच चॅनेलवर बसतं की प्रत्येक निरोपाला चॅनेल बदलतं? साधं झिगबी एका वेळी एकाच चॅनेलवर राहतं. घरातल्या दिव्यांना ते ठीक आहे, सँड प्लांटला मी ते लावणार नाही. ब्लूटूथ मेश निरोप सगळीकडे उधळून देतं. तेही दिव्यांसाठी छान, पण कुठलं रीडिंग किती वेळात येईल याची हमी त्यात मागू नका. वायफाय मेश लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांसाठी. बॅटरीवरच्या सेन्सरला ते परवडत नाही. कारखान्यासाठी मुद्दाम घडवलेली दोन मानकं आहेत. वायरलेसहार्ट, म्हणजे आयईसी ६२५९१, आणि आयएसए १००.११ए, म्हणजे आयईसी ६२७३४. हीच वेळेच्या तुकड्यांची आणि चॅनेल-उड्यांची रीत २०१२ मध्ये आयईईई ८०२.१५.४ई मध्ये आली. त्यामुळे त्या रीतीवर चालणारी, वरच्या दोघांपैकी कुठलंच नाव न लावणारी स्वस्त उपकरणंही मिळतात. नावापेक्षा रीत बघून घ्या.

इंडक्शन फर्नेसमुळे रेडिओ बंद पडेल, ही भीती जवळपास प्रत्येक मालक बोलून दाखवतो. तुमच्यासारख्या फर्नेसची फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्झपासून हजारेक हर्ट्झपर्यंत असते. तिचे हार्मोनिक्स (त्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतले उपतरंग) २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचेतो त्यांत दम उरलेला नसतो. रेडिओला फर्नेस त्रास देत नाही. त्रास देते ती सेन्सरच्या तारेला. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. पॉवर केबलच्या शेजारून गेलेल्या, शील्ड (तारेवरचं धातूचं वेष्टण) नीट न बांधलेल्या तारेत त्याहून कितीतरी जास्त कचरा शिरतो. मग स्क्रीनवर तापमान नाचायला लागतं आणि शिव्या वायरलेसला बसतात. सेन्सरपासून ट्रान्समीटरपर्यंतची तार दोन-तीन मीटरच ठेवा. ती थर्मोकपलच्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल असावी, साधी तांब्याची नको. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. बाथचं, म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या धातूचं, तापमान मात्र या यादीतून काढाच. ते लान्स (लांब दांड्याचा सेन्सर) बुडवून घ्यायचं असतं आणि तो भट्टीवाल्याचा हात आहे, मेशचा विषय नाही.

आता जागा. दाट यंत्रं आणि पत्रे असलेल्या भागात दोन नोडमधलं (मेशमधल्या दोन रेडिओ डब्यांमधलं) अंतर ३० मीटर धरा. मध्यम मोकळ्या जागेत ७५, मोकळ्या यार्डात १५०. कॅटलॉगमधला किलोमीटरचा आकडा माळावर उभं राहून मोजलेला असतो. प्रत्येक नोडला किमान तीन शेजारी ऐकू आले पाहिजेत. गेटवेला थेट दिसणारे किमान पाच नोड हवेत, आणि एकूण नोडपैकी पाव तरी गेटवेच्या थेट आवाक्यात हवेत. हे फील्डमधले रुळलेले नियम आहेत आणि ते मोडल्यावरच त्यांची किंमत कळते. तुमच्या शेडमध्ये गेटवे ऑफिसच्या कोपऱ्यात नको. लांबीच्या मध्यावर, क्रेनच्या गर्डरच्या खाली पण मोल्डिंग बॉक्सच्या थप्पीच्या वर असा घ्या. ऑफिसपर्यंत तिथून एक इथरनेट केबल न्या. एकही तार लागणार नाही असं म्हणणारा विक्रेता इथंच पहिल्यांदा खोटा ठरतो. गेटवेला वीजही लागते, आणि ती यूपीएसवरची.

अँटेना खांबाला चिकटवू नका, अर्धा मीटर तरी पुढे काढा. सगळ्या अँटेना उभ्या, एकाच दिशेला. लोखंडी पॅनेलच्या आत ट्रान्समीटर ठेवून दार लावलं तर तो जवळपास मुकाच होतो. अँटेना बाहेर काढायला को-अक्स (अँटेनाची केबल) वापरली तर तीही मोजून. साध्या पातळ केबलमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे १ डीबी (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं माप) जातो. पाच मीटर केबल म्हणजे हातातली दोन-तृतीयांश ताकद केबलमध्येच संपली.

शेडमध्ये सिग्नल कुठे किती पोचतो याचा सर्व्हे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करू नका. विक्रेत्यांना तो दिवस आवडतो, कारण शेड शांत असते. क्रेन हलत नाही, बॉक्स रचलेले नसतात, ट्रक आत उभा नसतो, आणि सगळे आकडे सुंदर येतात. सर्व्हे ऐन पोअरिंगच्या वेळी करा, क्रेन एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला नेऊन. रिसीव्हरला ऐकू येणाऱ्या सगळ्यात क्षीण सिग्नलची मर्यादा उणे ९५ डीबीएमच्या आसपास असेल तर मला प्रत्येक महत्त्वाच्या जोडीवर उणे ७५ किंवा त्याहून बरा सिग्नल हवा असतो. मधले २० डीबी क्रेनसाठी आणि पुढच्या वर्षी तुम्ही मध्येच उभ्या करणार असलेल्या शॉट ब्लास्टिंग मशीनसाठी.

सुट्टीच्या दिवसाचा दुसराही एक त्रास आहे. निरोप पुढे ढकलणारे, वीज घेऊन चालणारे रिपीटर शेडच्या लायटिंग सर्किटवर जोडलेले असतात. आदल्या रात्री कुणीतरी मेन खाली करतो. रिपीटर मेले की त्यांच्या पलीकडचे बॅटरीवाले नोड रात्रभर रस्ता शोधत बसतात, आणि शोधण्यातच बॅटरी सगळ्यात जास्त खर्च होते. रिपीटर वेगळ्या, बंद न होणाऱ्या सर्किटवर घ्या आणि स्विचवर चिठ्ठी लावा.

बॅटरीबद्दल विक्रेता ‘दहा वर्षं’ म्हणेल. ते नोड कुठे बसलाय यावर आहे. गेटवेजवळचे नोड स्वतःचं रीडिंग देतात आणि लांबच्यांचे निरोपही वाहतात, त्यामुळे त्यांच्या बॅटऱ्या आधी संपतात. त्या जागी शक्यतो विजेवरचे नोड ठेवा. रीडिंग एका मिनिटाऐवजी आठ सेकंदांनी मागितलं तर खर्च काही पटींनी वाढतो. वर लिहिलेली ‘किती जुनं चालेल’ची यादी इथं थेट पैसे वाचवते. शिवाय उष्णता. या नोडमध्ये लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल असतात आणि फर्नेसच्या प्लॅटफॉर्मखाली ते लवकर म्हातारे होतात. उष्णतेनं आतलं घड्याळही सरकतं. दोन नोडच्या घड्याळांत दहा लाखांत चाळीस भागांचा फरक असला तर पंचवीस सेकंदांत १ मिलिसेकंदाची तफावत पडते, म्हणून नोडना पुन्हा पुन्हा वेळ जुळवून घ्यावी लागते. डबा भट्टीपासून लांब, सेन्सर भट्टीजवळ.

व्हायब्रेशनबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण इथं बरीच फसवणूक होते. या रेडिओचा एकूण वेग सेकंदाला २५० किलोबिट आणि एका निरोपाची कमाल लांबी १२७ बाइट. व्हायब्रेशनची कच्ची लहर सेकंदाला १० हजार नमुने, प्रत्येकी १६ बिट अशी घेतली तर एकाच मोटारीचे १६० किलोबिट होतात. चाळीस पॉइंटच्या मेशवर ते सतत वाहणं शक्य नाही. सेन्सरनं आतच हिशेब करून मिलिमीटर प्रति सेकंदाचा एक आकडा पाठवावा, आणि गरज पडली तर लहरीचा छोटा तुकडा मागून सावकाश घ्यावा. ‘लाइव्ह स्पेक्ट्रम’ (व्हायब्रेशनच्या लहरीचं चालू चित्र) दाखवणारा डेमो एका सेन्सरचा असतो.

आता ज्याच्यामुळे चांगली बसवलेली नेटवर्कसुद्धा धोक्याची होतात, ती गोष्ट. गेटवे सहसा मोडबसवर (यंत्रांमधल्या निरोपांची एक जुनी पद्धत) पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला, किंवा कॉम्प्युटरला रीडिंग देतो. प्रत्येक पॉइंटचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा. नोड मेला तर? बऱ्याच गेटवेंत शेवटचा आकडा तसाच रजिस्टरमध्ये पडून राहतो. स्क्रीनवर कूलिंग वॉटर ३८ अंश, हिरवा रंग, सगळं छान. नोडची बॅटरी मात्र परवाच संपलेली. ऑपरेटरचा काही दोष नाही, त्याला दाखवलं ते त्यानं बघितलं. म्हणून ऑर्डरमध्येच लिहून घ्या: प्रत्येक पॉइंटला मूल्याबरोबर त्याची अवस्था आणि शेवटचं कधी ऐकू आलं ती वेळ वेगळ्या रजिस्टरमध्ये मिळाली पाहिजे. पीएलसीत प्रत्येक पॉइंटला वयोमर्यादा घाला. मर्यादा ओलांडली की आकडा पुसून रेघा दाखवायच्या आणि अलार्म द्यायचा. मिनिटाला येणाऱ्या रीडिंगला मी तीन मिनिटांची मर्यादा ठेवतो. एखादा निरोप हुकला म्हणून ओरडायचं नाही, पण तीन हुकले तर माणूस पाठवायचा. माल ताब्यात घेताना कुठल्याही नोडची बॅटरी काढून बघा. ठरल्या वेळेत स्क्रीननं बोंब मारली नाही तर बिल पास करू नका.

कंट्रोल अजिबातच नको असं मी म्हणत नाही. कूलिंग टॉवरचा फॅन हे उत्तम उदाहरण. टाकीत इतकं पाणी असतं की तापमान मिनिटांमिनिटांनी सरकतं. रीडिंग तीस सेकंदांचं असलं तरी फॅन चालू-बंद करायला ते पुरेसं ताजं आहे. अट एकच: फॅनकडच्या नोडला ठरावीक वेळ गेटवेचा निरोप आला नाही तर त्यानं स्वतःहून फॅन चालू करून ठेवायचा. थोडी वीज वाया जाईल, भट्टी तापणार नाही. कॉम्प्रेसर कुठला आधी चालवायचा, कुठला मागाहून, हेही जमतं. सँड मलरमध्ये पाणी सोडणं मात्र तारेवर ठेवा. तिथं सगळा खेळ काही सेकंदांचा आहे आणि एका हुकलेल्या निरोपानं पूर्ण बॅच ओली होते.

पावसाची काळजी वेगळ्या जागी करा. आपल्याकडचा कितीही धो-धो पाऊस २.४ गिगाहर्ट्झला शंभर-दोनशे मीटरवर अडवत नाही. पाणी शिरतं ते अँटेनाच्या कनेक्टरमध्ये आणि केबल ग्लँडमध्ये. जूनआधी बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर स्वतःशी जुळून जाणारी रबरी टेप गुंडाळा, आणि ग्लँड डब्याच्या खालच्या बाजूलाच घ्या. वळवाच्या विजांसाठी कूलिंग टॉवरवरच्या अँटेनाला सर्ज अरेस्टर आणि अर्थिंग हवंच.

मेश नकोच, लोरा (थोडा डेटा लांबवर पाठवणारी रेडिओ पद्धत) घेऊ का, असंही तुमच्या मनात असेल. तुमच्या चाळीसपैकी निम्मे पॉइंट असे आहेत की दहा मिनिटांनी एक आकडा आला तरी चालतो: टाकीची पातळी, विजेचे युनिट, बोअरवेल. त्यांना लोरा स्वस्त आणि सुटसुटीत पडतो. मध्ये रिपीटर नाहीत, एकच गेटवे उंचावर. पण सगळ्यात लांब पोचणाऱ्या सेटिंगवर त्याचा छोटासा निरोपही हवेत एक सेकंदाहून जास्त राहतो आणि नोड सहसा एकमेकांना न विचारताच बोलतात. पॉइंट वाढले आणि रीडिंग जलद मागितलं की टक्कर ठरलेली. भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. अमेरिकेसाठी बनवलेली ९१५ मेगाहर्ट्झची उपकरणं ऑनलाइन स्वस्तात मिळतात, ती इथं विनापरवाना चालवता येत नाहीत. २.४ घ्या नाहीतर ८६५, डब्ल्यूपीसीचं (रेडिओ उपकरणांना मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाचं) ईटीए प्रमाणपत्र मागून घ्या.

सुरक्षेचं थोडक्यात: प्रत्येक नोडला जोडणीची वेगळी किल्ली, कारखान्यातून आलेली डिफॉल्ट किल्ली पहिल्याच दिवशी बदलायची, आणि गेटवे ऑफिसच्या वायफायला थेट जोडायचा नाही. विक्रेत्याला दुरून सर्व्हिस द्यायची असेल तर तुम्ही चालू कराल तेव्हाच.

सुरुवात सगळीकडून करू नका. कूलिंग टॉवर, आणीबाणीची टाकी आणि कॉम्प्रेसर रूम असे दहा-बारा नोड आधी लावा आणि त्यांना एक पावसाळा काढू द्या. माझ्या मते पैसे सगळ्यात लवकर आणीबाणीची टाकी वसूल करून देते. रोज कुणी वर चढून बघत नाही, आणि ती रिकामी आहे हे नेमकं वीज गेल्यावर कळतं.

गोकुळ शिरगावचं युनिट या मेशला जोडता येणार नाही. दोन्हींच्या मध्ये अख्खं कोल्हापूर शहर आहे. तिथं स्वतंत्र छोटं नेटवर्क, स्वतंत्र गेटवे, आणि दोन्ही गेटवेंचा डेटा इंटरनेटवरून एकाच स्क्रीनवर आणा. इंटरनेट गेलं तरी प्रत्येक युनिटचे अलार्म त्याच युनिटच्या भोंग्यावर वाजले पाहिजेत, एवढं दोन्हीकडच्या ऑर्डरमध्ये लिहून ठेवा.